शहाजिराजपुरम् : कावेरीकाठचे एक खेडे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सहलीत कुंभकोणम् मुक्कामी, तिरुविसनल्लूर-दर्शनाच्या आदल्या सायंकाळी केलेले भाषण)



दिवसभर आपण सर्वजण देवळे पाहून थकला आहात. कुंभेश्वर, शार्ङ्गपाणी, नागेश्वर आणि महामहम् तळे एका दिवसात पाहणे हे काही सोपे काम नव्हे. मुलांचे डोळे मिटू लागले आहेत आणि स्वयंपाकघरातून सांबाराचा वास येत आहे. अशा वेळी भाषण करण्याचे काम आमच्यावर सोपवून चिटणीसांनी आमची कसोटीच घेतली आहे. म्हणून आरंभीच सांगून टाकतो, आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. शिक्षण बी. ए. पर्यंतचे, आणि हयात गेली केंद्र सरकारच्या टपाल खात्यात. बदलीच्या हुकमाने तीन वर्षांपूर्वी कुंभकोणमला आलो आणि कामाच्या निमित्ताने आसपासची खेडी पायांखाली घातली. त्यांतल्या एका खेड्याविषयी, जेथे उद्या सकाळी आपली बस जाणार आहे, चार शब्द सांगणार आहोत.

त्या गावाचे नाव तिरुविसनल्लूर. येथून सुमारे आठ किलोमीटरांवर, कावेरीच्या उत्तर तीरावर, तिरुविडैमरुदूर तालुक्यात ते आहे. गाव लहान, ग्रामपंचायतीचे. भाताची शेते, नारळीची झाडे, एक जुने शिवालय, दोन्ही बाजूंस ओट्यांची घरे असलेला एक रस्ता आणि त्या रस्त्यावर एक मठ. कुंभकोणमला येणारा प्रवासी सहसा इकडे वळत नाही. आम्हीही वळलो नसतो. त्या बाजूच्या एका शाखा डाकघराच्या तपासणीस गेलो असता पावसाने गाठले आणि मठाच्या ओसरीवर तासभर थांबावे लागले, एवढेच निमित्त.

प्रथम शिवालयाविषयी. येथील देवाचे नाव शिवयोगीनाथ आणि देवीचे सौंदरनायकी. आठ शिवयोगी या लिंगात लीन झाले म्हणून हे नाव पडले, असे स्थलपुराण सांगते. ज्ञानसंबंधरांनी या देवाची स्तुती गायिली असल्यामुळे तमिळ शैवांच्या पवित्र स्थळांत त्याची गणना होते. चार काळांचे चार भैरव येथे एकत्र पाहावयास मिळतात आणि त्यांच्यासाठी लांबलांबून लोक येतात.

मुलांनी मात्र आधी देवळाच्या भिंतीवरचे छायाघड्याळ पाहावे. दगडात अर्धवर्तुळ कोरले आहे, त्याच्या मध्यभागी धातूची काडी बसविली आहे आणि काडीची सावली ज्या रेघेवर पडेल ती वेळ समजावी. ते चोळांच्या काळचे म्हणून सांगतात. त्याला ना किल्ली, ना कमानी. ऊन असले की झाले. आपल्या मनगटावरील घड्याळाशी ताडा करून पाहण्याची आमची शिफारस आहे. थोडे अंतर पडले तर दगडाला दोष देण्याची घाई करू नये. आपले घड्याळ साऱ्या देशाची एक वेळ दाखविते आणि दगड दाखवितो तो त्या गावच्या माथ्यावरचा सूर्य.

या देवळाचा चोळ राजघराण्याशी जवळचा संबंध होता. तंजावरचे बृहदीश्वराचे मंदिर ज्याने बांधले तो राजराज चोळ. त्याने आपल्या कारकिर्दीच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. १०१४ च्या सुमारास, या लहानशा गावी तुलाभार केला आणि त्याच्या राणीने हिरण्यगर्भाचा विधी केला, असे येथील शिलालेखांवरून कळते. राजाराणी शिवलिंगाची पूजा करीत आहेत असे एक शिल्पही येथे आहे आणि ती जोडी राजराजाचीच असल्याचे अभ्यासक मानतात. तुलेची गोष्ट आपल्याला नवी नाही. १६७४ साली राज्याभिषेकप्रसंगी रायगडावर शिवछत्रपतींची सुवर्णतुला झाली होती. त्या सोहळ्याच्या साडेसहाशे वर्षे आधी याच प्रकारचा विधी या खेड्यात झाला, हे उद्या देवळात उभे असताना ध्यानात घ्यावे.

आता आपल्या घरच्या इतिहासाकडे वळू. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ साली तंजावर हाती घेतले. त्यांच्यामागून त्यांचे ज्येष्ठ पुत्र शहाजी १६८४ साली गादीवर आले आणि १७१२ पर्यंत त्यांनी राज्य केले. आजोबांचेच नाव त्यांना ठेवले होते. हा राजा मोठा विद्याव्यासंगी. त्याने तेलुगूत रचना केली, मराठीत नाटके लिहिली, आणि एका नाटकात तर मराठी, तमिळ, तेलुगू, हिंदी व संस्कृत अशा पाच भाषा एकाच रंगमंचावर आणल्या. सांगलीस विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केले, तेथून आपण मराठी रंगभूमीचा जन्म मोजतो. त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षे आधी तंजावरच्या दरबारात मराठी नाटके रचली जात होती.

याच शहाजीराजांनी १६९३ साली तिरुविसनल्लूर हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना अग्रहार म्हणून दान दिले. अग्रहार म्हणजे विद्वान ब्राह्मणांना घरे आणि शेते नेमून देऊन वसविलेले गाव. पोटाची विवंचना नसावी आणि त्यांनी अध्ययन, अध्यापन व ग्रंथरचना यांत आयुष्य घालवावे, असा त्यामागचा विचार. राजाच्या नावावरून गावाला शहाजिराजपुरम् असे नाव मिळाले. ‘जानकीपरिणय’ नाटक आणि ‘पतंजलिचरित’ काव्य लिहिणारे रामभद्र दीक्षित या मंडळींतलेच. ज्यांची समाधी नेरूर येथे आहे, त्या सदाशिव ब्रह्मेंद्रांचे शिक्षणही येथेच झाल्याचे परंपरा सांगते.

हा दानशूर राजा मराठी होता. दान घेणारे पंडित बहुतांशी तमिळ व तेलुगू घराण्यांतले होते आणि त्यांनी ग्रंथ लिहिले ते संस्कृतात. आपल्या भाषेची सक्ती नाही, आपल्या माणसांची भरती नाही. आम्ही सरकारी नोकर असल्यामुळे अनुदानाच्या अटींचे कागद पुष्कळ पाहिले आहेत. त्यामुळे या दानाचे आम्हांस फार नवल वाटले.

या विद्वानांपैकी ज्यांचे नाव आजही गावात घरोघरी घेतले जाते ते श्रीधर वेंकटेश अय्यावाळ. शहाजीराजांवर ‘शाहेन्द्रविलास’ नावाचे संस्कृत महाकाव्य त्यांनी लिहिले आणि डॉ. वे. राघवन् यांनी ते संपादून १९५२ साली प्रसिद्ध केले. अय्यावाळांचे वडील म्हैसूर दरबारी मोठ्या अधिकारावर होते असे सांगतात. मुलाने तो मानमरातब सोडला आणि तो कावेरीकाठी येऊन राहिला. म्हणजे हे सत्पुरुषही आपल्यासारखेच परमुलखातून आलेले.

त्यांची कथा अशी. घरी श्राद्ध होते. स्वयंपाक सिद्ध झाला होता आणि ब्राह्मण यायचे होते. इतक्यात दाराशी एक भुकेला माणूस आला. तो त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातीतला होता. भुकेने त्याचा जीव कासावीस झालेला पाहून अय्यावाळांनी श्राद्धाचे अन्न त्याला वाढले. झाले, अग्रहार खवळला. ब्राह्मणांनी भोजनास बसण्याचे नाकारले आणि प्रायश्चित्त म्हणून काशीस जाऊन गंगास्नान करण्यास सांगितले. त्याच दिवसात काशीस जाऊन येणे कसे शक्य? अय्यावाळांनी अंगणातल्या विहिरीपाशी उभे राहून गंगेची आळवणी करणारे आठ श्लोक रचले. विहिरीचे पाणी वर आले, काठोकाठ भरले, बाहेर सांडले आणि सारा रस्ता पाण्याखाली गेला. तेव्हा त्याच ब्राह्मणांनी हात जोडून ते आवरण्याची विनंती केली.

ही गोष्ट ऐकताना आपल्यापैकी प्रत्येकाच्या मनात एकच नाव आले असेल. पैठणास एकनाथांच्या घरीही श्राद्धच होते, तेथेही वास आल्याने दाराबाहेर थबकलेली भुकेली माणसे अस्पृश्यच होती, आणि तेथेही पितरांच्या पंगतीचे अन्न त्यांना वाढले म्हणून गावाने बहिष्कार घातला होता. नाथांनी १५९९ साली देह ठेवला. अय्यावाळ त्यांच्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी झाले. गोदावरीची कथा कावेरीपर्यंत चालत आली की दोन नद्यांच्या काठी दोन सज्जनांच्या हातून एकच गोष्ट घडली, याचा निवाडा विद्वानांनी करावा. पण त्या पावसाळी दुपारी मठाच्या ओसरीवर पुजाऱ्यांच्या तोंडून तमिळमध्ये ही कथा ऐकताना आमच्या सौ. एकदम म्हणाल्या, “अहो, हे तर आपले नाथमहाराज!” परक्या मुलखात आलो आहोत ही भावना, येथे आल्यापासून प्रथमच, आमच्या मनातून गेली.

ती विहीर उद्या आपण पाहणार आहोत. तमिळ कार्तिक महिन्याच्या अमावास्येस, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात, तेथे दरवर्षी मोठा उत्सव असतो आणि पहाटेपासून माणसांची रीघ लागते. त्या दिवशी विहिरीत गंगा येते अशी श्रद्धा आहे. उत्सवाच्या निमित्ताने भजने होतात. बोधेंद्र सरस्वती, अय्यावाळ आणि मरुदानल्लूरचे सद्गुरुस्वामी ही तिकडच्या भजनसंप्रदायाची त्रिमूर्ती मानली जाते, आणि या संप्रदायाच्या भजनांत आपल्या संतांच्या अभंगांनाही जागा आहे. गेल्या उत्सवात दहा-बारा वर्षांच्या एका मुलाने तुकोबांचा अभंग म्हटला. आम्ही त्याला मराठीत शाबासकी दिली, तर तो गोंधळून पाहू लागला. त्याला मराठीचे अक्षरही येत नव्हते. वहीत अभंग तमिळ लिपीत उतरवून घेतला होता. ‘ख’ आणि ‘घ’ यांना वेगळी अक्षरे त्या लिपीत नाहीत, म्हणून वहीत कसल्या तरी खुणा केल्या होत्या आणि उच्चार गुरूकडून घोटून घेतले होते. आमच्या स्वतःच्या मुलाला तो अभंग पाठ नाही, हे येथे कबूल केले पाहिजे.

गावात शहाजीराजांच्या खुणा काय उरल्या आहेत, असे आपण विचाराल. आम्ही पुष्कळ शोध घेतला. मराठी अक्षर कोरलेला दगड आम्हांस दिसला नाही. शहाजिराजपुरम् हे नाव ग्रंथांत राहिले. लोकांच्या तोंडी जुनेच नाव आहे, आणि आमच्या टपालातील पाकिटांवरही तेच असते. तंजावरला गेलात तर वेगळे चित्र दिसेल. तेथे बृहदीश्वराच्या मंदिरात सरफोजीराजांच्या वेळी, १८०३ साली, भोसले वंशाचे चरित्र मराठीत दगडी भिंतीवर कोरले गेले. तो फार लांबलचक लेख आहे आणि तो पाहून मराठी माणसाची छाती फुगते. आमचीही फुगली. पण त्या भिंतीसमोर उभे राहून तो लेख वाचणारा माणूस आम्हांस एकदाही भेटला नाही. तिरुविसनल्लूरला राजाच्या नावाचे अक्षर नाही. त्याने ज्यांना आसरा दिला त्यांची विहीर मात्र दरवर्षी माणसांनी फुलून जाते.

आता थोडे आमच्या शेजाऱ्यांविषयी सांगतो, कारण आमच्या बोलण्याचे मूळ तेथे आहे. आम्ही राहतो त्या गल्लीत ऐंशीच्या घरातले एक तंजावरी मराठी गृहस्थ आहेत. गल्लीतील लोक त्यांना रायर म्हणतात. आम्ही त्यांना काका म्हणू लागलो. त्यांचे मराठी शब्द जुने, हेल तमिळ. प्रथम आम्हांस हसू येई. पुढे ध्यानात आले की साडेतीनशे वर्षांच्या जुन्या घरातले भांडे आहे, पोचे पडायचेच. त्यांच्या बोलण्यात या शहराच्या थोर पुत्रांचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. राजा सर टी. माधवराव हे १८२८ साली कुंभकोणमलाच जन्मले. ते त्रावणकोरचे दिवाण झाले, मग इंदूरचे, आणि १८७५ पासून सात वर्षे बडोद्याचे. येथे जन्मलेल्या मराठी माणसाने तिकडे जाऊन गायकवाडांच्या राज्याची विस्कटलेली घडी बसविली. दुसरे दिवाणबहादुर रघुनाथराव. तेही इंदूरचे दिवाण होते, आणि न्यायमूर्ती रानड्यांच्या बरोबरीने सामाजिक परिषदेच्या उभारणीत त्यांचा हात होता. १८८७ साली मद्रासेत ती परिषद प्रथम भरली.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाचे निमंत्रण आम्ही काकांना मोठ्या अभिमानाने वाचून दाखविले. पन्नास गणेशोत्सव, कोजागिरी, हळदीकुंकू, नाट्यस्पर्धा, दिवाळी अंक हे सारे त्यांनी शांतपणे ऐकले. मग म्हणाले, “फार छान. आपल्या माणसांसाठी तुम्ही पुष्कळ केलेत. त्या गावच्या माणसांसाठी काय केलेत?”

आम्ही उत्तर शोधू लागलो. एकदा पुराच्या वेळी वर्गणी जमविली होती, एकदा रक्तदान झाले होते. त्यापुढे काही आठवेना. काकांनी विषय बदलला आणि कॉफी मागविली. पण प्रश्न आमच्यापाशीच राहिला.

बंधुभगिनींनो, आपले मंडळ नसते तर आपल्यापैकी कित्येकांची मुले मराठी विसरली असती. नव्या बदलीच्या गावी, सामानाच्या पेट्याही उघडल्या नव्हत्या तेव्हा, आमच्या घरी मंडळाच्या भगिनी वरणभाताचा डबा घेऊन आल्या होत्या. ते आम्ही जन्मभर विसरणार नाही. म्हणून पुढे जे बोलणार आहोत ते घरच्या माणसाचे बोलणे समजावे. सुवर्णमहोत्सवी निधीतून सभागृहात देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी बसवावी असा ठराव कार्यकारिणीपुढे आहे आणि त्यावर बरीच खडाजंगी झाली आहे, असे ऐकतो. कोणाचे नाव वर, कोणाचे खाली, हा वाद तर पत्रांतूनही आमच्यापर्यंत पोहोचला. आमचेही नाव त्या यादीत आहे. ते गाळावे, अशी आमची विनंती आहे.

त्याऐवजी एक सूचना मांडतो. मंडळाच्या मागच्याच रस्त्यावर एक शाळा आहे. पन्नास वर्षे आपण तिच्यासमोरून ये-जा केली. तेथील मुले आपली भाषा बोलत नाहीत. त्या शाळेच्या ग्रंथालयासाठी आणि गरजू मुलांच्या फीसाठी या निधीचे व्याज दरवर्षी द्यावे. जात, भाषा, प्रांत यांची अट नसावी. येथे एक गोष्ट आपल्या राजाच्या बाबतीतही बोलली पाहिजे. शहाजीराजांचे दान मोठे होते, पण ते एका वर्णापुरते होते. त्याच अग्रहारात भुकेल्या माणसाला घास मिळाल्याबरोबर गदारोळ उठला. राजाने जागा दिली आणि अय्यावाळांनी दार उघडले. आपल्याला राजाइतके देता येणार नाही. दार उघडणे मात्र जमण्यासारखे आहे.

उद्याचा कार्यक्रम थोडक्यात सांगून आटोपते घेतो. सकाळी सात वाजता बस निघेल. प्रथम तिरुविसनल्लूरचे देऊळ, छायाघड्याळ, मठ आणि विहीर. तेथून तिरुविडैमरुदूर. मल्लिकार्जुन, मध्यार्जुन आणि पुटार्जुन या तीन अर्जुनक्षेत्रांपैकी ते मधले, महालिंगस्वामींचे. १७९८ साली गादीवरून दूर झालेले तंजावरचे अमरसिंहराजे अखेरच्या दिवसांत तेथेच राहिले, आणि त्यांच्या पदरी घनम् कृष्ण अय्यरांसारखे गवई होते. तेथील देवळात हाती दिवा घेतलेल्या स्त्रीची एक पितळी मूर्ती प्रसिद्ध आहे. राजघराण्यातल्या अम्मणी नावाच्या मुलीने प्रतापसिंहाशी विवाह व्हावा म्हणून लक्षदीपांचा नवस बोलला होता. तो फळास आल्यावर तिने १८५३ साली स्वतःचीच प्रतिमा दीपलक्ष्मी म्हणून अर्पण केली. अवघ्या दोन वर्षांनी, १८५५ साली, तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी निवर्तले आणि राज्य खालसा झाले. शेवटी गोविंदपुरम्. तेथे बोधेंद्रांची समाधी आहे आणि २०११ साली उभे राहिलेले विठ्ठलरखुमाईचे भव्य मंदिर आहे. कावेरीच्या मुलखात विठोबाला पाहून मंडळींतल्या वडीलधाऱ्यांचे डोळे भरून येतील, यात शंका नाही.

मातृभगिनींना एक सूचना. विहिरीचे पाणी घरी नेण्यासाठी लहानशी बाटली जवळ ठेवावी. आणि ज्यांच्या घरी मुले आहेत त्यांनी मठात पोहोचल्यावर ती श्राद्धाची कथा त्यांना विहिरीच्या काठावर उभे राहून सांगावी. नाथांची आणि अय्यावाळांची, दोन्ही.

पाने मांडली आहेत. आता उठावे.